अगरूच्या पानावरची गोगलगाय

गल्लीतली पोरं तिला हुंगूताई म्हणायची आणि तिला त्याचा राग येत नसे. नाव पडायला कारणही तसंच होतं. हातात काहीही आलं की ते आधी नाकाकडे जायचं. नवी पिशवी असो, जुनी किल्ली असो, शेजारणीने परत केलेला डबा असो, नाकाखालून गेल्याशिवाय एकही वस्तू घरात जागेवर बसत नसे. धुलाईच्या दुकानात कपडे घ्यायच्या काउंटरवर तिची उभी हयात गेली. कोट हातात आला रे आला की ती सांगायची, "हा ट्रंकेतून काढलाय, आधी दोन दिवस वाऱ्यावर टाका, मग धुवायला आणा." गिऱ्हाईक गार पडायचं. मालकाला मात्र आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी ही बाई डोक्याला ताप वाटायची, पण तिच्याशिवाय त्याचं पानही हलत नसे.

तिचा नवरा फर्निचरला पॉलिश करायचा. सगळे त्याला पॉलिशकाका म्हणत. थिनर आणि स्पिरिटच्या वाफेत आयुष्य काढल्यामुळे काकांच्या नाकाचे केव्हाच बारा वाजले होते. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी ओरडत आल्याशिवाय त्यांना पत्ता लागत नसे. देवाने एकाचं नाक काढून दुसऱ्याला दिलंय, असं हुंगूताईची सासू म्हणायची, आणि सासूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

या नाकाला एक नाद होता. अगरूच्या कोरीव लोलकांचा. अगरबत्तीच्या नावातलं अगर ते हेच. या झाडाची एक गंमत असते. धडधाकट झाडाच्या लाकडाला वास म्हणून नसतो. झाडाला कुठे जखम झाली, आत कीड शिरली, की ते त्या जागी काळसर राळ धरू लागतं. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या तेवढ्याच लाकडाला तो वास येतो. त्यातून मग कारागीर मासे कोरतात, भोपळे कोरतात, पानं कोरतात आणि लोक ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात.

तिला हा नाद लावला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने. त्याच्या कोटाच्या खिशात तिला एक लाकडी मासा सापडला होता. तो परत करताना तिने आपला उगाच एक वास घेतला. म्हातारा हसला. "असं नाही पोरी. मुठीत धर. जरा ऊब लागू दे त्याला." तिने मूठ मिटली, चार कपडे मोजले आणि मग मूठ नाकाशी नेली. पुढचं गिऱ्हाईक "अहो बाई, अहो बाई" करत राहिलं आणि ही तिथेच उभी. त्या दिवसापासून तिचं सोनंनाणं सुटलं. लग्नाच्या वाढदिवसाला काकांनी कानातलं करायला पैसे दिले तर ही लाकूड घेऊन यायची. "माझी बायको चोरबाजारात जाऊन सरपण आणते," असं काका चारचौघांत सांगायचे, आणि ती घरी नसली की तेच सरपण पाहुण्यांना काढून दाखवायचे.

दाखवण्यासारखंच होतं ते. एका बिस्किटाच्या डब्यात मावेल एवढाच संग्रह, पण त्यात एकही फसवा नग नव्हता. बाजारात तेलात बुडवलेली लाकडं अगरू म्हणून खपवतात. ती दुकानाच्या दारापासूनच घमघमत असतात आणि भोळी माणसं त्यालाच भुलतात. हुंगूताई दारातूनच मागे फिरायची. "ओरडतंय ते," म्हणायची. "खरं अगरू थंड असताना तोंडातून शब्द काढत नाही."

गोगलगाय तिला मिळाली ती जुन्या बाजारात, लाकडी बटणांच्या ढिगात. किडीने खाल्लेलं एक पान आणि त्याच्या कडेवर गोगलगाय. पानाची भोकं कोरलेली नव्हती, ती खऱ्या किडीचीच होती. कारागिराने ती तशीच ठेवून त्यांच्याभोवती पान बेतलं होतं. पान फिकट आणि गोगलगाय राळेने भरलेल्या काळ्या ठिपक्यातून निघालेली. शिंगं दोऱ्याएवढी. तिने विकणाऱ्याला दोनदा सांगितलं की हे अगरू आहे, नीट भाव सांग. त्याने हुंगून पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "कसला वास न कसलं काय! न्या ताई बटणांच्या भावात." दुसरं कोणी असतं तर पळत सुटलं असतं. हिने पुढच्या आठवड्यात तो लोलक मुठीत तापवून त्याच्या नाकाखाली धरला आणि त्याचा चेहरा पडल्यावर आपल्या डब्यातले दोन चांगले लोलक त्याला देऊन टाकले. काका म्हणाले, "तू ना, ठार वेडी आहेस." पण त्या दिवशी जेवताना ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते. अशी बायको आपल्या वाट्याला कशी आली, याचं त्यांना खरोखरच नवल वाटत होतं.

रोज कामावरून आली की हुंगूताई चहा होईपर्यंत खिडकीत बसायची. मुठीत गोगलगाय. डोळे मिटलेले. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरात न केलेला नियम होता.

मग एक दिवस फोन आला. लोलक जमवणाऱ्यांचा एक लहानसा मेळावा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. तो भरवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या. "तुमच्या गोगलगाईबद्दल ऐकलंय. येत्या रविवारी घेऊन याच." एवढी वर्षं हुंगूताईने आपला नाद धुलाईच्या दुकानात आणि नवऱ्याच्या चेष्टेत सांभाळला होता. ज्यांना यातलं कळतं अशी माणसं पहिल्यांदाच तिची वस्तू हातात घेणार होती. दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. कोणती साडी नेसू, हे तिने काकांना तीनदा विचारलं, आणि हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

काकांनाही उत्साह आवरेना. त्यांनी लोलक उजेडात धरून पाहिला. लाकूड रापलेलं, मिणमिणतं. चार लोकांत असं न्यायचं? ती कामावर गेल्यावर त्यांनी लाखेचं पॉलिश काढलं, कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळला आणि बसले. पानाच्या भोकांत लाख साचू नये म्हणून बारीक ब्रश घेतला. शिंगांना काडीच्या टोकाने लावलं. पुढून मागून तीन हात दिले. आयुष्यात मंत्र्यांच्या टेबलालाही त्यांनी एवढा जीव लावला नव्हता. शेवटी ती गोगलगाय अशी झळकू लागली, की आत्ता पावसातून चालत आलीय असं वाटावं.

हुंगूताई घरी आली. काकांनी मूठ पुढे करून उघडली. "कसं झालंय?"

तिने लोलक उचलला. सवयीने हात नाकाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. "छान हात चाललाय हो तुमचा," ती म्हणाली आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीत ती दुसराच लोलक घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी बसलीच नाही. काकांना चहा गोड लागेना. शेवटी ते भडकलेच. "अगं, नसेल आवडलं तर तसं सांग ना! सगळं गाव माझ्या पॉलिशचं नाव काढतं आणि घरात हे असं तोंड!"

"पॉलिश चांगलंच आहे," ती म्हणाली. "इतकं चांगलं आहे, की आतला वास बाहेर यायला फट राहिली नाही. तासभर मुठीत धरलं मी. नुसती लाख."

जुन्या कपाटांना कुबट वास येतो म्हणूनच तर लोक काकांना बोलावत. "तीन हात मारतो, वास आतल्या आत गाडून टाकतो," हे वाक्य त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना छाती फुगवून ऐकवलं होतं. तेच त्यांनी बायकोच्या जिवाभावाच्या वस्तूचं केलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"स्पिरिटने पुसतो. आत्ता पुसतो," ते उठले.

"स्पिरिट लावाल तर लाखेबरोबर राळही निघून येईल. मग राहिलं काय?"

काकांनी कपाळ धरलं. खरवडायचं म्हटलं तर शिंगं जाणार, पानाच्या कडा जाणार. ते बराच वेळ लोलक उलटसुलट करत राहिले. मग एकदम म्हणाले, "मागची बाजू सपाट आहे. गळ्यात घातल्यावर अंगाला तीच लागते ना?"

शनिवारी दुपारी दोघं खिडकीत समोरासमोर बसली. काकांनी काच फोडून एक धारदार तुकडा निवडला. जुनं पॉलिश कोरडं खरवडायला मुरलेले कारागीर काचच वापरतात. मागच्या बाजूवर काच अलगद फिरवायची, फुंकर मारायची आणि लोलक तिच्या हातात द्यायचा. लाख कुठे संपते हे त्यांच्या बोटांना कळत होतं, पण लाकूड जागं झालं की नाही, हे तिच्या नाकालाच विचारावं लागणार होतं. एक फेर जास्त झाला तर राळेचा पातळ थरच निघून जायचा.

"आला?"

"नाही."

पुन्हा काच, पुन्हा फुंकर.

"आता?"

"घाई नको. ऊब लागू द्या." ती मूठ मिटून बसली. मग मान हलवली. "नाही हो."

काकांनी तळहात धोतराला पुसले. त्यांनी काच बदलली, श्वास धरला आणि केसाएवढा एकच फेर दिला. लोलक तिला दिला आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने मूठ मिटली. खाली कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने मूठ नाकाशी नेली. तिच्या कपाळावरची आठी सुटली, ओठ जरासे उघडले, आणि दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी गार पाणी द्यावं तसा तिचा चेहरा झाला. काकांनी "आला?" असं विचारलंच नाही. त्यांनी काच खाली ठेवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांब टेबलावर लोलक मांडले होते. काका सोबत गेले, पण आत जायला कचरत होते. "तू ते टेबलावर उलटं ठेव," जिन्यात ते कुजबुजले. "पॉलिश दिसलं तर हसतील तुला." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गोगलगाय सरळ, चकचकीत बाजू वर करून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. दात बघावा तसं एकेक भोक तपासलं. "काय काम आहे! पण अरेरे, ही लाख कुणी फासली?" शेजारचे दोघेतिघे हळहळले. काका दाराकडे सरकले.

"मागची बाजू हाताला लागू द्या बाई," हुंगूताई शांतपणे म्हणाली. "मुठीत."

बाईंनी मूठ मिटली. थोड्या वेळाने नाकाशी नेली आणि भिंग डोळ्याला तसंच ठेवून डोळे मिटले. मग त्यांनी तो शेजाऱ्याला दिला, त्याने पुढच्याला. लोलक टेबलभर फिरून परत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हुंगूताईचा हात धरला. "असा वास मी कुठेच घेतला नाही. ऐका माझं, माझ्या ओळखीचा एक फार हुशार कारागीर आहे. तो शिंगांना धक्का न लावता पुढचीही लाख काढेल. पुढची बाजूही मोकळी करून घ्या."

"नको," हुंगूताई म्हणाली. "आमच्या ह्यांना वास येत नाही. त्यांना बघायला तरी काही नको का?"

काका एव्हाना परत तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी टेबलावर उगाचच दोनदा हात फिरवला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "बाई, हे टेबल फार खराब झालंय. एकदा बोलवा मला." आवाज पार फाटला होता. एका गृहस्थांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.