एक मूल कमी

नकाशा कसा वाचायचा ते मला कुणी शिकवू नये. नागपुरातून इंजिनिअरिंग करून मी अमेरिकेत शिकायला आले ती नकाशांसाठीच, आणि आज पोटापाण्याला तेच करते. फोनवर नकाशा लहान करत गेलं की आधी छोट्या गावांची नावं नाहीशी होतात, मग मोठ्या गावांची, शेवटी फक्त शहरं उरतात. कुणाचं नाव कधी पुसायचं ते बरंचसं लोकसंख्येवर ठरतं, आणि आमच्या कंपनीत तो नियम लिहिणाऱ्या चौघांपैकी एक मी आहे. नवरा त्याला माझी दादागिरी म्हणतो. म्हणू दे.

तो डॉक्टर. जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं की त्याच्या व्हिसाचा प्रश्न सुटतो, म्हणून आम्ही मिशिगनमधलं ट्रॉय सोडून नेब्रास्कातल्या या गावात आलो. निरोपाच्या जेवणाला ट्रॉयच्या मैत्रिणींनी माझी यथेच्छ फिरकी घेतली. "यार, तिकडे कोथिंबीर तरी मिळते का?" नाही मिळत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत लावली, ती दुकानातल्यापेक्षा चांगली येते, आणि हे त्यांना फोटोसकट कळवलं.

पहिल्याच आठवड्यात मी गाव पायी पालथं घातलं. रेल्वेचा रूळ, रुळाला लागून धान्याची उंच कोठारं, काटकोनात एक मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीवर गावाचं नाव. बास. पुढचं गाव असंच, त्याच्या पुढचंही असंच. शेतकऱ्यानं घोडागाडीत धान्य घालून रुळापर्यंत यावं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचावं, एवढ्याच अंतरानं ती वसवली. ट्रक आले तशी त्या अंतराची गरज संपली, गावं मात्र राहिली. वेशीवरच्या हिरव्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली असते. आमची तीन आकडी. नागपुरात आमच्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात, हे मी इथे दोघांना सांगितलं. दोघांनाही खरं वाटलं नाही.

शाळा घरापासून चार मिनिटांवर. माझी सात वर्षांची मुलगी तिथे दुसरीत आहे. एकटी चालत जाते, वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला नावानं हाक मारते. ट्रॉयमध्ये मी तिला पार्किंग लॉटसुद्धा एकटीला ओलांडू दिला नसता.

जानेवारीत गावाची क्लार्क दारात आली. सत्तरीची बाई, पाणीपट्टीपासून कुत्र्यांच्या परवान्यांपर्यंत सगळं तिच्याकडे. मुलं कमी झाल्यामुळे शाळा बंद करून चाळीस मैलांवरच्या शाळेत मिसळायचा विचार चालला होता. पुढच्या वर्षासाठी वीस मुलं दिसली तर शाळा राहणार. म्हणून ती घरोघर फिरून यादी करत होती. तिनं साधाच प्रश्न विचारला, "पुढच्या वर्षी इथेच राहणार ना?"

आणि मी म्हणाले, "नाही. आम्ही तात्पुरते आहोत."

विचार करून नव्हे. बावीस वर्षांची असताना मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढे उभं राहण्याआधी हे उत्तर मी आरशासमोर घोकलं होतं. शिकून परत जाणार, राहायचा विचार नाही. 'राहणार का?' याला 'हो' म्हटलं की व्हिसा गेलाच, असं आम्ही सगळ्यांनी एकमेकांना बजावलेलं. पुढे व्हिसा बदलला, नियम बदलले, उत्तर तेवढं बदललं नाही. हातात कागद घेतलेल्या माणसानं तो प्रश्न विचारला की तोंडातून तेच बाहेर पडतं. नवऱ्याच्या कराराची दोन वर्षं अजून बाकी होती. क्लार्कबाईनं मान हलवली, यादीवर एक रेघ मारली आणि निघून गेली. मी पुन्हा कामाला बसले.

मार्चमधल्या एका गुरुवारी मुलगी शाळेतून आली आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राहिली. संध्याकाळी शाळेत सभा होती, त्यासाठी वर्गाच्या बाईंनी पुढच्या वर्षीच्या मुलांची मक्याची कागदी कणसं भिंतीवर लावली होती, प्रत्येक कणसावर एक नाव. हिचं कणीस नव्हतं.

"मिस म्हणाली वी आर मूव्हिंग. आर वी?"

"नाही गं."

"देन व्हाय? आय लिव्ह हिअर, आई."

माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. नवऱ्याला फोन केला.

"अगं, पण तू टेम्पररी का म्हणालीस?"

"सवयीनं!" मी ओरडले. "सहाला मीटिंग आहे. क्लिनिकमधून डायरेक्ट ये."

शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर अख्खं गाव बसलं होतं, समोर शाळा मंडळाचे तिघं. क्लार्कबाई एकेक रस्ता घेऊन यादी वाचू लागली. आमचा रस्ता आला, शेजाऱ्यांची दोन मुलं झाली, आणि ती पुढच्या रस्त्यावर गेली. मधलं आमचं घर तिच्या यादीत नव्हतंच. शेवटी तिनं बेरीज सांगितली. एकोणीस.

मी उभी राहिले.

"वीस. आमची एक."

क्लार्कबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "तू तर तात्पुरते आहोत म्हणाली होतीस."

"चुकीचं सांगितलं होतं मी."

"मग राहणार?"

एवढ्या वर्षांत कुठल्याही अधिकाऱ्यासमोर मी हा शब्द उच्चारला नव्हता. मुलगी माझा कोट घट्ट धरून वर बघत होती.

"हो," मी म्हणाले. "राहणार."

बोलता बोलता मी पिशवीतून फाइलही काढली. तिघांचे पासपोर्ट, नवऱ्याचं करारपत्र, घराचं भाडेपत्र, सगळं क्रमानं लावून आणलं होतं. क्लार्कबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मुलीला जवळ बोलावलं, तिचं नाव कसं लिहायचं ते तिलाच विचारलं, तिनं एकेक अक्षर सांगितलं तसं लिहून घेतलं, आणि मंडळाकडे वळून म्हणाली, "वीस."

टाळ्या वाजल्या. मी खाली बसले. फाइल मांडीवर तशीच उघडी होती, आणि ती कुणालाच नको होती.