रंगुबाई आणि चिमीचं उष्टावण

रंगुबाईचं पोटचं लेकरू आषाढात गेलं. महिन्याचाही झाला नव्हता मुलगा. दोन दिवस तापानं फणफणला आणि तिसऱ्या दिवशी कोंडीराम त्याला घेऊन राजूरच्या दवाखान्याकडे धावत निघाला. त्या साली पाऊस नव्हता, ओढे कोरडे होते, वाट अडवायला काहीच नव्हतं. तरीसुद्धा उशीर झाला. वाटेतूनच तो माघारी आला तेव्हा रंगुबाई दारातच उभी होती. त्याला सांगावं लागलं नाही. लेकराच्या तोंडावर त्यानं पटका टाकला होता.

लेकरू गेलं, पण दूध गेलं नाही. ते येतच राहिलं. छाती दगडासारखी व्हायची, चोळी भिजायची, आणि चुलीपुढं बसलेली रंगुबाई तशीच उठून गोठ्याच्या मागं जायची. दूध आटायला छातीवर मोगऱ्याची फुलं बांध म्हणून कुणी सांगितलं. तसल्या कोरड्या सालात मोगरा कुठला मिळायचा? ती मातीवर दूध पिळून टाकायची आणि वर पायानं माती सारायची. कुणी पाहू नये म्हणून.

भाद्रपदात कोंडीरामची मावशी भामाबाई आली. संगमनेरच्या खाली, प्रवरेच्या काठच्या गावची बाई. मोटारीतून उतरून उन्हाची दोन कोस चालत आली होती, आणि तिच्या छातीशी एक गाठोडं होतं. गाठोड्यात पोरगी होती. भामाबाईच्या मुलाची, जालिंदरची. त्याची बायको बाळंतपणात गेली होती.

"गाईचं दूध पचंना हिला," भामाबाई उंबऱ्यावरच बसत म्हणाली. "शेळीचं पाजून पाह्यलं. समदं भाईर येतंय. रंगू, माजी बाई, तुला दूध हाय असं कोंडीरामानं सांगितलं व्हतं…"

तिनं गाठोड्याचं फडकं बाजूला केलं. पोरगी इतकी वाळली होती की रडायचा आवाजसुद्धा मांजराच्या पिलासारखा येत होता. रंगुबाईनं हात पुढं केले, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर घेतला. पोरीनं तोंड लावलं तेव्हा रंगुबाई पहिल्यांदा रडली. तोवर आपल्या लेकरासाठी ती रडलीच नव्हती.

"जगली, की घिऊन जाऊ," जाताना भामाबाई म्हणाली. "खायाला लागली, की नेते. तवर तुजी."

नाव घरी नेल्यावर ठेवायचं ठरलं होतं. रंगुबाई तिला चिमी म्हणायला लागली.

दिवाळीनंतर वस्ती रिकामी होऊ लागली. भात पोटरीतच करपलं होतं. सरकारी दुष्काळी कामं निघाली, आणि वस्तीवरची माणसं कुलपं लावून लांब पाझर तलावाच्या कामावर गेली. कोंडीरामही गेला. तिथंच पालात राहायचा, बाजाराच्या दिवशी येऊन जायचा. चिमीला घेऊन धुळीत आणि उन्हात जाणं शक्य नव्हतं, म्हणून रंगुबाई मागं राहिली. डोंगराच्या पायथ्याशी चार घरं, त्यातलं एकच चूल पेटणारं. सकाळी झऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं हंडा भरायचा, परत यायचं, आणि मग दिवसभर बोलायला कुणी नाही. एवढी शांतता की गोठ्यातली गाय रवंथ करायची तेही ऐकू यायचं. पुढं चारा संपला आणि कोंडीराम गायीलाही छावणीत घेऊन गेला.

मग रंगुबाई चिमीशीच बोलायची. आज झऱ्याला पाणी किती होतं ते सांगायची. सासरी आली तेव्हा कशी भित्री होती ते सांगायची. आपल्या मुलाचं नाव काय ठेवणार होतो तेसुद्धा एकदा तिनं चिमीला सांगितलं, जे तिनं कोंडीरामलाही सांगितलं नव्हतं.

चिमी बाळसं धरू लागली. गालाला खळी पडायला लागली. शिमगा झाला आणि सहावा महिना सरला. भामाबाईचा निरोप कोंडीरामनं आणला, "उष्टावण करून घ्या म्हनली मावशी. अखितीला नेते म्हनली."

रंगुबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "अखिती कधी हाय?"

"वैशाखात. दोन महिनं हायेत की अजून."

खीर करायला घरात तांदूळ होते, गूळ नव्हता. पण मोरीच्या पाण्यावर वाढलेलं पपईचं झाड घरामागं होतं. सगळं रान भाजून निघालं होतं, तेवढंच एक हिरवं होतं. भांडी घासल्याचं, हातपाय धुतल्याचं पाणी रंगुबाई त्याच्याच मुळाशी जाऊ द्यायची. एक पपई पिवळी होऊन आली होती. ती कोंडीरामनं काढली, रंगुबाईनं चिरून गर वाटीत बोटांनी कुस्करला, आणि मामाचा मान होता तो मामा नसल्यानं कोंडीरामनंच घेतला. चिमीच्या जिभेवर त्यानं बोटभर गर ठेवला.

चिमीनं तोंड वेडंवाकडं केलं. गर ओठांवर आला. मग जीभ बाहेर काढून तिनं तो चाटला, डोळे मोठे केले आणि कोंडीरामच्या बोटाकडे झेपावली.

"आयला, आवडलं की!" कोंडीराम हसला. बऱ्याच दिवसांनी तो हसला होता. रंगुबाईही हसली, आणि हसता हसता तिला भामाबाईचे शब्द आठवले. खायाला लागली, की नेते.

त्या दिवसापासून प्रत्येक घास तिला खुपायला लागला. चिमी रोज दोन बोटं पपई खायची. बाजारातून आणलेलं केळं कुस्करलेलं तर तिला फारच आवडायचं, संपलं की वाटी आपटायची. आणि जितकं ती खायची, तितकं दूध कमी प्यायची. पोर वाढतेय म्हणून कोणत्या बाईला वाईट वाटेल? रंगुबाईला वाटायचं. आणि वाटतंय याची लाज वाटायची.

कोंडीरामनं एकदा बाजारातून गाजरं आणली. चिमीला दात येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या, दिसेल ते तोंडात घालायची. त्यानं एक गाजर धुऊन तिच्या मुठीत दिलं. ती ते चोखत बसली, लाळ गळत राहिली. कोंडीराम कामावर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगुबाईनंही तसंच दिलं आणि ती धान्य निवडायला बसली.

चिमीचे खालचे दोन दात वर आले होते. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आवाज बंद झाला म्हणून रंगुबाईनं मान वर केली. चिमी तोंड उघडं टाकून बसली होती, हात हवेत, आणि आवाज नाही. ओठ निळे पडत होते. रंगुबाईनं सूप भिरकावलं. तोंडात बोट घातलं, काही लागलं नाही. "अगं बाई! कुनी हाय का? धावा!" पोरीला उचलून ती अंगणात येऊन ओरडली. तीन घरांना कुलपं होती. तिचाच आवाज डोंगरावरून परत आला.

मग तिनं काय केलं ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. पोरीला हातावर पालथी घातली, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्यानं जोरात थापट्या मारल्या. पुन्हा मारल्या. गाजराचा शेंगदाण्याएवढा तुकडा मातीत पडला आणि चिमीनं टाहो फोडला. रंगुबाई तिथंच, अंगणात, उन्हात खाली बसली.

संध्याकाळपर्यंत तिनं चिमीला खाली ठेवलं नाही. उरलेली गाजरं तिनं लांब फेकून दिली. पपई झाडावरच राहू दिली. केळं काळं पडलं. आता नुसतं दूध, असं तिनं ठरवलं. दुधानं कुणाला ठसका लागत नाही.

ती खरंच घाबरली होती. पण भीतीच्या आत अजून काहीतरी होतं, आणि ते तिला कळत होतं. चिमी खात नाही म्हटल्यावर भामाबाई नेणार कशी?

पण दूधही आटत चाललं होतं. रंगुबाई स्वतःच एक वेळ खात होती. चिमी प्यायची, चिडायची, सोडून रडायची, पुन्हा प्यायची. खळी बुजली. भाकरीचा वास आला की ती रंगुबाईच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि रंगुबाई पाठ फिरवून जेवायची.

चैत्रात नर्सबाई लस टोचायला वस्त्यांवर फिरत आली. घामानं डबडबलेली, खांद्यावर पेटी. तिनं चिमीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"काय देता हिला?"

"अंगावर पाजते."

"आणि?"

रंगुबाईनं गाजराचं सांगितलं. नर्सबाई पेटीवरच बसली आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"पालथी घातलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "कच्चं गाजर, कच्ची काकडी, असलं कडक हातात द्यायचं नाही अजून. गाजर शिजवायचं. पण पिकलेलं मऊ फळ द्या की, पपईसुद्धा, कच्ची मात्र नव्हे, पिकलेली. हात धुऊन, चांगलं कुस्करून. मांडीवर बसवून द्या, निजवून नाही. शेजारी बसून राहा. आणि मऊ भात, वरण. आता नुसत्या दुधावर नाही निभायचं हिचं."

"व्हय," रंगुबाई म्हणाली.

"तुमचीच ना?"

रंगुबाईनं चिमीचं झबलं खाली ओढलं. "न्हाई," ती म्हणाली. "संगमनेरकडची हाय. जायची हाय अखितीला."

नर्सबाईनं तिच्याकडे पाहिलं, पण तिला अजून दोन वस्त्या करायच्या होत्या. ती पाणी प्याली आणि गेली.

रंगुबाई बराच वेळ दारात बसून राहिली. चिमी मांडीवर होती. तिचं मनगट तिनं आपल्या बोटांत धरून पाहिलं, नर्सबाईनं धरलं तसं. मग उठली, काठी घेऊन घरामागं गेली आणि पपई पाडली. थोडी जास्तच पिकली होती, एका बाजूनं पाखरानं टोचली होती. ती बाजू कापून टाकली, उरलेला गर दोरा दोरा राहणार नाही इतका कुस्करला आणि चिमीला मांडीवर बसवून घासाघासानं भरवला. चिमी वाटी संपवूनच थांबली. रंगुबाई मोठ्यानं म्हणाली, "खा माजे बाई. समदं खा." तिथं ऐकायला कुणीच नव्हतं.

अखितीला भामाबाई आली. बरोबर जालिंदर होता, त्याचं चैत्रातच दुसरं लग्न झालं होतं. तोवर चिमी भात-वरण खात होती, पिकल्या करवंदाचा बिया काढलेला गर चाखत होती, आणि रायवळ आंब्याचा रस तोंडभर माखून घेत होती.

"रस आधी गाळून देते मी," रंगुबाई सांगत होती. "रेषा ऱ्हाऊ द्यायची न्हाई. पपई सकाळची द्या, सांच्याला न्हाई. डाळिंबाचा दाना द्यायचा न्हाई बरं का, आन् भुईमुगाचा तर लांबच ठिवा. आन् ती गाजरं…"

"कळतंय गं बाई," भामाबाई म्हणाली. "आमीबी पोरं वाढवल्यात."

"व्हय की," रंगुबाई म्हणाली.

जालिंदर तिच्या पाया पडला. "वैनी, तुमचं उपकार…" म्हणाला. तो चांगला माणूस होता. त्याच्या कडेवरून चिमी वळून वळून बघत होती. वळणावर पळसापलीकडे ते दिसेनासे झाले तेव्हा तिचा रडका आवाज आला, आणि मग तोही नाही.

त्या रात्रीपासून पुन्हा छाती भरून येऊ लागली. या वेळी रंगुबाईनं जुनं लुगडं फाडून घट्ट बांधून घेतलं. चार दिवसांनी घराला कुलूप लावून ती कोंडीरामबरोबर तलावाच्या कामावर गेली. तिथं बाभळीच्या सावलीत कामकऱ्यांची तान्ही मुलं ठेवलेली असायची. मुकादम म्हणाला, "बाई, तुमी पोरं संभाळा, सावलीत बसायचं काम हाय." रंगुबाईनं नको म्हणून मान हलवली आणि मातीची पाटी उचलली. मृगापर्यंत ती माती वाहत राहिली. दुपारी बायका मुलांना पाजायला सावलीत जायच्या, तेव्हा ती उन्हातच भाकरीचं फडकं सोडायची.

मृगापासून मात्र पाऊस चांगला झाला. भात पिकलं. दिवाळी झाल्यावर नवे तांदूळ घेऊन दोघं भामाबाईकडे गेली.

पोरीचं नाव मनकर्णा ठेवलं होतं. ती ओसरीत धरून धरून चालत होती. अंगानं भरली होती, डोळ्यांत काजळ होतं. रंगुबाईनं हात पुढं केले तशी ती नव्या आईच्या, विमलच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. "चि—" रंगुबाईच्या तोंडून निघालं, आणि तिनं शब्द गिळला. "मनू," ती म्हणाली. "ये की."

पोरगी आली नाही.

जेवणं झाली तेव्हा विमलनं तिला वेगळी ताटली दिली. दुधात कुस्करलेली भाकरी, मीठ लावलेल्या किसलेल्या काकडीचा चिमूटभर ढीग. रंगुबाईनं सवयीनं घास केला आणि पुढं नेला. पोरीनं तिचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या मुठीनं खायला लागली. अर्धं तोंडात, अर्धं मांडीवर.

"कुनी भरवलेलं चालतच न्हाई तिला," विमल कौतुकानं म्हणाली.

"असू द्या," रंगुबाई म्हणाली. ती तिच्या शेजारीच बसून राहिली, ताटली रिकामी होईपर्यंत.

संध्याकाळच्या मोटारीत खिडकीपाशी बसल्यावर कोंडीरामनं विचारलं, "वळखलं का गं तिनं?"

"न्हाई."

मोटार अकोल्याच्या चढाला लागली.

"लई जेवली पन," रंगुबाई म्हणाली, आणि बाहेर कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यांकडे बघत राहिली.