बिराप्पांचं दसऱ्याचं कार्ड

लोहाऱ्यात बिराप्पा दुधभाते यांचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, हा माणूस सरकारी कचेरीत मोठा बाबू आहे, पण आजवर कुणाचा फुकटचा चहा त्याच्या घशाखाली उतरलेला नाही. दोन, त्याच्याकडे सात क्रेडिट कार्डं आहेत आणि त्यातलं एकही तो वापरत नाही. यातली दुसरी गोष्ट साफ खोटी आहे. बिराप्पा सातही कार्डं वापरतात. फक्त काही विकत घ्यायचं असतं म्हणून वापरत नाहीत, कार्डं मरू नयेत म्हणून वापरतात.

बरेच दिवस पडून राहिलेलं कार्ड बँक बंद करते, हे ज्ञान त्यांना मोबाईलवर झालं. कार्ड बंद झालं की क्रेडिट स्कोअर घसरतो, हे त्याच्या पाठोपाठ झालं. स्कोअर म्हणजे माणूस उधारी किती इमानानं फेडतो याचे मार्क, नऊशेपैकी. शाळेत बिराप्पांना कधी फारसे मार्क पडले नव्हते. इथं मात्र आठशे बारा पडले होते, आणि ते कुणालाही सांगायला ते तयार असत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी भाताच्या आधी स्कोअर वाढून मोकळे होत.

त्यांचे वडील बंडप्पा मेंढरं राखायचे. संध्याकाळी मेंढरं मोजल्याशिवाय म्हातारा भाकरीला हात लावत नसे. मुलगा शिकला, खुर्चीवर बसला, पण मोजणं काही सुटलं नाही. रात्री जेवणाआधी बिराप्पा कपाटातून स्टीलचा डबा काढत, सात कार्डं ताटाशेजारी मांडत, आज कुणाची पाळी झाली आणि उद्या कुणाची आहे हे तोंडानं पुटपुटत आणि मगच ताटाकडे बघत.

पाळी म्हणजे चारायला काढणं. एका कार्डावर मोबाईलचं रिचार्ज, दुसऱ्यावर लाईटबिल, तिसऱ्यावर पेट्रोल. चौथ्या कार्डासाठी ते मोटारसायकल काढून उमरग्याच्या एका मोठ्या दुकानात जात आणि अंगाचा साबण आणत. साबणापेक्षा पेट्रोलच जास्त जळे, पण तेही तिसऱ्या कार्डावर, म्हणजे दोघांचं पोट भरलं. घरात इतका साबण साठला होता की अख्ख्या गल्लीनं वर्षभर रोज दोनदा अंघोळ केली असती तरी उरला असता. लोहाऱ्यात चहाच्या टपरीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांकडे मोबाईलनं पैसे घ्यायचा चौकोनी कागद चिकटवलेला. बिराप्पा तिथं उभं राहून शांतपणे विचारत, कार्डाचं मशीन आहे का? शेवटी गल्लीतल्या किराणावाल्यानं हात जोडले. म्हणाला, साहेब, पाहिजे तर उधार न्या, पण ते मशीन मागू नका.

आता कुणी म्हणेल, एवढं जपायचं तरी कशासाठी? तर घरासाठी. त्यांची एकुलती एक मुलगी मोनिका दहावीत होती तेव्हा बिराप्पांनी उमरगा रोडच्या कडेला एक प्लॉट घेतला. त्यावर घर बांधायचं, बँकेचं कर्ज काढायचं, आणि चांगल्या स्कोअरवर ते स्वस्तात काढायचं, असा बेत. त्यांच्या बायकोनं, अयोध्याबाईंनी, प्लॉटवर नारळ फोडला आणि स्वयंपाकघर कुठल्या अंगाला घ्यायचं ते पायानं रेघ मारून दाखवलं. कारण भाड्याच्या दोन खोल्यांतल्या त्यांच्या स्वयंपाकघराचे पत्रे इतके खाली होते की भाकरी थापायला उभं राहिलं की डोकं लागायचं, आणि उन्हाळ्यात तर चुलीपेक्षा वरचे पत्रेच जास्त तापायचे.

नारळ फुटला, घर काही उठलं नाही. आधी स्कोअर साडेसातशेच्या वर जाऊ द्या, असं ठरलं. तो गेला. मग आठशे होऊ द्या, असं झालं. तोही झाला. दरम्यान मोनिका बारावी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन कळंबला गेली. प्लॉटवर बाभळी माजल्या. अयोध्याबाईंनी एकदा सरळच विचारलं की आता घोडं अडलंय कुठं. तेव्हा बिराप्पांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, कर्जाचा नुसता अर्ज केला तरी पाच-सात मार्क कापतात.

"मग हे मार्क ठिवायचे कशाला?" अयोध्याबाई म्हणाल्या.

"कर्ज स्वस्तात मिळावं म्हणून."

"आन् कर्ज?"

"मागितलं की मार्क जातेत. तुला न्हाय कळायचं ते."

अयोध्याबाईंना खरंच कळलं नाही. तुम्हाआम्हालाही कळणार नाही. त्याला सात कार्डं लागतात.

या सातांमध्ये जे सगळ्यात जुनं होतं, ते बिराप्पांचं लाडकं. त्यांचं पहिलंच कार्ड. माणसाचं खातं जितकं जुनं तितका स्कोअर भक्कम, असं त्यांनी वाचलेलं, त्यामुळं आपल्या आठशे बाराचा सगळा डोलारा याच कार्डावर उभा आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अशा कार्डाला साबण आणायला कोण पिटाळणार? घासून घासून चिप झिजली तर? म्हणून त्याची पाळी वर्षातून एकदाच, दसऱ्याला. खंडेनवमीला विळा, खुरपं, सुरी आणि मोटारसायकल यांच्या जोडीला बिराप्पा हे कार्डही पाटावर मांडत, त्याला हळदकुंकू वाहत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर पंपावर जाऊन त्यावर शंभराचं पेट्रोल टाकत. बँकेनं वर्षात एकदा वापरा म्हटलंय, आपण दसरा ते दसरा एकदा वापरतो. यात चूक काढून दाखवा, असं ते कचेरीत छाती काढून म्हणत. कचेरीत कुणी काढली नाही. चूक काढायची म्हणजे पूर्ण ऐकून घ्यायला लागलं असतं.

आणि मग बँकेनं हा वर्षाचा नियम काढल्यानंतरचं पहिलंच धोंड्याचं वर्ष आलं. अधिक महिना पडला. मोनिका आणि जावई शिवराज यांना रीतीप्रमाणे जेवायला बोलावलं. अयोध्याबाईंनी त्या बुटक्या पत्र्याखाली वाकून वाकून पुरणाचे धोंडे केले. ताटावर बसल्यावर बिराप्पांनी जावयाला समजावून सांगितलं की दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जादा घालतात, त्यामुळं पुढचे सगळे सण लांबतात, यंदा दसरासुद्धा बघा किती उशिरा आलाय. शिवराजनं मान डोलावली. जावयानं धोंडे खाताना मान डोलवायचीच असते. एवढं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगूनही, ज्या वर्षात तेरा महिने आहेत त्या वर्षी दसरा ते दसरा हे अंतर एक वर्ष राहत नाही, हे बिराप्पांच्या टाळक्यात शिरलं नाही. बँकेच्या टाळक्यात पंचांगच नव्हतं. तिनं आपली इंग्रजी तारीख धरली.

दसऱ्याच्या दिवशी पंपावर ही गर्दी. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागलेली. बिराप्पांनी टोपी सारखी केली, शंभराचं टाकायला सांगितलं आणि हळदीनं पिवळं झालेलं कार्ड पंपावरच्या भागवतच्या हातात ठेवलं. भागवतला ही रीत ठाऊक होती, त्यानं न हसता कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीननं नाही म्हटलं. चिपला कुंकू लागलं असेल म्हणून भागवतनं ते सदऱ्याला पुसलं आणि परत घातलं. परत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. तिसऱ्यांदा मशीनवर काय उमटलं ते भागवतनं वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, हे बंद झालंय म्हनतंय."

बिराप्पांनी खिशातली शंभराची नोट काढून दिली, बारा वर्षांत पहिल्यांदाच पंपावर रोख, आणि गाडी ढकलतच बाजूला नेली. चालू करायचंही सुचलं नाही.

घरी आल्यावर पोलीस करतात तसा तपास झाला. त्या जुन्या कार्डाला जोडलेला मोबाईल नंबरही जुना होता, आणि त्या नंबरचं सिम हल्ली अयोध्याबाईंच्या फोनमध्ये होतं. फोनमध्ये बँकेचा मेसेज सापडला. श्रावणातच आला होता. अमुक तारखेला वर्ष पुरं होतंय, तोवर कार्ड वापरा किंवा कळवा, नाहीतर बंद करू, असं त्यात बिचाऱ्या बँकेनं नीट लिहिलं होतं. त्याखाली दुसरा, बंद केल्याचा. तारीख बघितली तर ऐन पितृपंधरवड्यातली. बारा वर्षं हळदकुंकू खाल्लेल्या कार्डानं देह ठेवायलाही तिथीच निवडली होती, आणि बिराप्पांनी खंडेनवमीला पूजा केली ती मयताची.

ते बायकोवर कडाडले, की मेसेज दाखवला का नाहीस. अयोध्याबाईंनी हातातलं पीठ झटकलं.

"तुमीच सांगितलंवतं, बँकेचा मेसेज आला की उघडायचा न्हाय, सगळे चोर असत्यात. म्या उघडला न्हाय."

शिकवण बिराप्पांचीच होती आणि ती पाळलीही गेली होती, जे त्यांच्या घरात सहसा होत नसे. त्यांनी बँकेच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीला त्यांनी मोडक्या हिंदीत अधिक महिना समजावला. तिनं शांतपणे ऐकलं, आणखी काही मदत करू का असं विचारलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी लोक आपट्याची पानं द्यायला आले. बिराप्पांनी ती अशा चेहऱ्यानं घेतली की शेजारच्या कस्तुराबाईंनी अयोध्याबाईंना आत बोलावून हळूच विचारलं, कोण गेलं?

पुढचा महिना त्यांनी आजारी माणसासारखा काढला. स्कोअर नवा व्हायला वेळ लागतो. आता तो किती पडणार, सातशेच्या घरात गेला तर कचेरीत तोंड कसं दाखवायचं, लग्नाच्या पंगतीत काय सांगायचं. उरलेल्या सहांना चारायला काढायचंही त्यांच्या जिवावर आलं. दिवाळी कशीबशी झाली. एका सकाळी त्यांनी डोळे अर्धवट मिटून मोबाईल उघडला.

आठशे चौदा.

दोन मार्क वाढले होते. बिराप्पांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. उलट त्यांना इतकं वाईट वाटलं की ते दारातल्या पायरीवर बसून राहिले. बारा वर्षं ज्याच्या अंगावर धूळ बसू दिली नाही, ते गेलं, आणि त्या आकड्यानं साधी मानही वळवून बघितलं नाही. आपण एवढं राखलं ते कुणासाठी, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि तो लई वेळ गेला नाही.

अयोध्याबाईंनी आकडा बघितला. आत जाऊन पिशवीत प्लॉटचे कागद भरले, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, आता पडायचं भ्या न्हाय राहिलं, चला. बिराप्पा पाच-सात मार्कांबद्दल काहीतरी बोलणार होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी गाडीला किक मारली.

उमरग्याच्या बँकेत कर्जाच्या टेबलाशी कुलदीप नावाचा तरुण साहेब होता. त्यानं बिराप्पांचा स्कोअर काढला आणि खुर्चीत सरळ झाला. शेजारच्यालाही बोलावून दाखवला. "असा स्कोअर आमच्या शाखेत बघायला मिळत नाही, काका," तो मनापासून म्हणाला. बिराप्पा फुलले. बायकोकडे एक नजर टाकली. बघ म्हणावं.

मग कुलदीपनं निवृत्तीची तारीख विचारली.

बिराप्पांनी सांगितली. नोकरीची दोन वर्षंसुद्धा पुरती उरली नव्हती. कुलदीपनं गणकयंत्र पुढं ओढलं, काही आकडे मारले, परत मारले. पगार आहे तोवर फेडायचं, म्हणजे मुदत एवढीशी. हप्ता पगारात बसायचा, म्हणजे रक्कमही एवढीशी. निवृत्तीनंतरच्या पेन्शनवर थोडं ओढून बघितलं तरी घर काही त्यात बसेना. फार तर एक खोली होईल, तो अवघडून म्हणाला. स्कोअर कितीही चांगला असला तरी वयाचं काही करता येत नाही.

अयोध्याबाई टेबलाला टेकल्या.

"साहेब, आमची मोनी दहावीला व्हती तवा आलो असतो तर?"

कुलदीपला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं हिशोब विचारलाय म्हणून हिशोब केला. त्या वेळी आला असता तर पूर्ण घर झालं असतं, मावशी, तो म्हणाला, स्लॅबचं. आणि आजपर्यंत बरंचसं फिटलंही असतं.

"आन् ह्यो आकडा? त्यो किती राहिला असता?"

"हप्ते वेळेवर भरले असते तर एवढाच," कुलदीप म्हणाला. "कदाचित थोडा जास्तच."

टेबलावर पंखा फिरत होता. बिराप्पांनी मान खाली घातली ती वर केली नाही. अयोध्याबाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत, आणि तेच त्यांना सोसवेना. त्या कुलदीपकडे वळून म्हणाल्या, "एका खोलीचं द्या मग. सैपाकघरच बांधते. पत्रं तेवढं उंच घालायला सांगते."

कुलदीपनं कागद पुढं सरकवले आणि बोटानं जागा दाखवली. बिराप्पांनी सही केली. ती बँकेतल्या सहीशी जुळेना, म्हणून त्यानं त्यांना पाणी दिलं आणि परत एकदा करायला सांगितली.