शेवटचा सूर विरेपर्यंत

तबकडी संपून सुई नुसती खरखरत होती आणि मॅडम उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांची पापणी हलत नव्हती. आखातातल्या नईम वस्तीतल्या या इंग्रज म्हातारीकडे मी स्वयंपाकाला होते. दुपारी काम आवरलं की त्या मला समोर बसवून आपल्या देशाचं संगीत ऐकायला शिकवायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, यात ताशा कधी वाजतो?" त्या खो खो हसल्या. "ताशा मफी! यात ताशा नाहीच. एकच वाद्य धर आणि त्याच्या मागे जा. शेवटचा सूर विरेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही." त्या शेवटच्या दिवशी गारठा होता, म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि उदाचे निखारे खोलीतच ठेवायला लावले. मी चेलो धरला, माणसासारखा कण्हणारा. डोकं जड झालं, तेही मला त्या सुरांचंच वाटलं. मॅडमची मान कलली, तेव्हा वाटलं, रंगल्यात. नियम होता म्हणून गप्प बसले. खरखर सुरू झाल्यावर म्हटलं, "मॅडम, खलास." उठायला गेले तर पायात जीव नव्हता. सरपटत जाऊन दार उघडलं. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हल्ली नात मोबाइलवर तसलं संगीत लावते, तेव्हा मी आधी खिडकी उघडते. ती कुरकुरते, "दादी, थंडी वाजते ना!" वाजू दे. त्या खोलीत आम्ही दोघी होतो, आणि वाचले मी एकटी.