तांडेलाच्या खिडकीचं शीड

"आणखी खाली घेवा," ती म्हणाली. "माका अजून काय्येक दिसणा नाय."

मी पडदा आणखी खाली धरला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी हनुवटी वर करून उभी होती. म्हातारपणी माणूस आखडतं. आधी तिला पडद्यावरून सगळी पाणंद दिसायची, आता नुसतं आभाळ. तिच्या हनुवटीच्या रेषेत मी पडद्यावर खडूची खूण केली. म्हटलं, "उद्या टीप मारतंय."

"उद्या म्हणजे विसारतल्यात," ती म्हणाली आणि भात उतरायला गेली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. त्याच रात्री ती झोपेत गेली. माझी बायको, शेवंती तिचं नाव.

मी शिरोड्याचा शिंपी. शाळा चौथीपर्यंत. पण पडद्याचं माप कसं घ्यावं हे मला पक्कं ठाऊक आहे. ते शेवंतीनं शिकवलं, बाबल तांडेलाच्या घरी.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. बाबलनं समुद्र सोडला आणि घर नवं करायला काढलं. मंगळुरी कौलं, शहाबादी लादी, आणि बंदराच्या वाटेवर ही मोठी खिडकी. आमच्याकडे तेव्हा खिडकीला पडदा नसायचा. ऊन आलं की माडाच्या चुडतांचा विणलेला झाप लावायचा, झालं. पण तांडेलानं मुंबईत शेटजीच्या बंगल्यात पडदे बघितले होते.

"मास्तर, वरसून खालपर्यंत पडदो होयो. परवा वास्तुशांत आसा."

"कापड खयचा?"

"कापड माजा आसा." आणि त्यानं माळ्यावरून गलबताचं जुनं शीड खाली टाकलं.

मी म्हटलं, "तांडेलानू, ह्येका सुक्या बांगड्यांचो वास येता."

"तो वास नाय. ती माजी नोकरी."

गिऱ्हाइकाशी भांडू नये. मी खिडकीचं माप घेतलं, शीड खांद्यावर टाकून घरी आणलं. मशीनच्या सुया पटापट मोडल्या. शेवटी दाभण घेऊन हातानं शिवलं. वर नेफा ठेवला. नेफा म्हणजे काठी ओवायची बोळ, परकराला नाडीसाठी असते तशीच. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पडदा टांगला. खिडकी गच्च झाकली. फिटिंग एक नंबर.

मग खारा वारा सुटला.

पडदा फुगला. आधी फणसाएवढा, मग गाभण म्हशीएवढा. कोनाड्यातली समई पडली, तांदळाचं सूप उलटलं. आणि तांडेल? त्याच्या तोंडावर असा आनंद की विचारू नका. तो लंगोटा आवळून ओरडायला लागला, "दोरी धर! डावीकडे! मास्तर, काठयेक लटाक!"

मी लटकलो. मी आणि काठी दोघंही खाली आलो.

नेमके तेव्हाच भटजी पूजेचं साहित्य तपासायला दारातून आत शिरत होते. शिडानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. आतून आवाज आला, "अहो, मला बाहेर काढा! इथे मासळी आहे!"

"भटानू, हलू नका!" तांडेल ओरडला. "शीड फाटात!"

भटजी सुटले ते थेट विहिरीवर गेले.

तेवढ्यात तांडेलाची बायको जानकी वयनी मागच्या दारातून आली. सांडलेले तांदूळ तिनं ओलांडले. सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली. "जल्मभर तुमी दर्यार. मी ह्या वाटेकडे बघान दीस काडलंय. आता तुमी घरात इल्यात आनी माजी वाट झाकतात? मी चललंय आरोंद्याक माहेराक. पूजेक तुमच्या शिडाक मांडयेशी घेवन बसा!"

आता पूजा बायकोशिवाय होते काय? गावजेवणाचं आमंत्रण गेलेलं. तांडेलाचं तोंड वारा पडलेल्या शिडासारखं झालं. "मास्तर, कायतरी कर रे."

मी घरी जाऊन शेवंतीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "तुमी खिडकेचा माप घेतल्यात. वयनीचा खंय घेतल्यात?"

ती स्वतः माझ्याबरोबर आली. वयनी गाठोडं बांधत होती. तिला तशीच उठवून खिडकीशी उभी केली आणि मला म्हणाली, "हनवटेक खडू मारा. थंयसून खाली पडदो, वर मोकळा."

तांडेल उसळला. "अर्धो पडदो? अर्ध्या शिडार तारू चलता काय?"

शेवंती रेडी बंदराची, तिच्या बापाचंही गलबत. ती म्हणाली, "वारो वाडलो काय तुमी शीड आवळून अर्धा करतात मा? का तशेच बुडतात?"

तांडेलानं डोकं खाजवलं. "ता मात्र खरा."

संध्याकाळपर्यंत पडदा झाला. ह्या खेपेला फुलाफुलांचं कापड, वयनीनं निवडलेलं. वाटेवरच्याला आतलं दिसेना, वयनीला बाहेरचं सगळं दिसे, वारा वरून जाई. गाठोडं सुटलं. दुसऱ्या दिवशी ती पूजेला बसली. मध्येच बाहेर कोळणीची हाक आली तशी संकल्प सोडून उठली, पडद्यावरून डोकावून "बांगडे कशे गो?" विचारून परत बसली. भटजींनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर शिरोड्यात अर्धे पडदे बरेच शिवले. धडा एवढाच. पडद्याचं माप खिडकीचं नसतं, बाहेर बघणारीचं असतं.

तर शेवंती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमायला लागली. मी पडदा काढला. खडूच्या खुणेवर नवा नेफा दुमडला आणि मशीनवर बसलो. शेजारचा दाजी म्हणाला, "मास्तर, आज मशीन?"

"गिरायकाची ऑर्डर आसा," मी म्हटलं.

टीप मारली. खिळे उपटून खाली ठोकले आणि पडदा टांगला. मग तिच्याकडे जाऊन बसलो.