टाइमबाबूंनी उज्जैन सोडलं नाही

दादा गेल्याचं मीनलने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "किती वाजता?" बाई गं, हा काय विचारायचा प्रश्न झाला! पण आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची वेळ विचारायची खोड होती आणि ती माझ्या या थोरल्या भावानेच आम्हाला लावली होती. मीनल ही त्याची मुलगी, माझी भाची. ती रडत रडत म्हणाली, "आत्या, घड्याळ कुणी बघितलंच नाही गं. चहा घेतला, जरा पडतो म्हणाले... बस, तेवढंच." तोपर्यंत मी धीराने ऐकत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळणारा माणूस गेला आणि त्याची वेळ कुणाला ठाऊक नाही, हे ऐकल्यावर मात्र मला हुंदका आवरला नाही.

आमचा दादा, वसंत, उज्जैनच्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होता. आम्ही इथली माणसं मिलच म्हणतो, गिरणी नाही. गिरणी म्हणजे आमच्याकडे पिठाची. फाटकाजवळच्या खिडकीत बसून कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, याची हजेरी ठेवायची हे त्याचं काम. कामगार त्याला 'टाइमबाबू' म्हणत. आमच्या फ्रीगंज भागातून त्याची सायकल गेली की बायका भात टाकायच्या, आणि आमच्याकडच्या लग्नात गुरुजी मुहूर्ताला पंचांगाआधी दादाकडे बघायचे. जेवायला बसतानासुद्धा मनगट डोळ्यांसमोर धरल्याशिवाय हा पहिला घास घेत नसे. कुमुदवहिनी वैतागून म्हणायच्या, "घड्याळालाच भरवा एकदा."

नव्वदीची सुरुवात होती. देशात नवं वारं आलं होतं. टीव्हीवर परदेशी शाम्पूच्या जाहिराती लागत आणि माझ्या शाळेतल्या शिक्षिका स्टाफरूममध्ये त्यावरच बोलत. इकडे मिलमध्ये कापसाच्या गाठी येणं कमी झालं, रात्रपाळी बंद पडली, पगार लांबायला लागला. सगळे म्हणत, सरकार बघेल, एवढी मोठी मिल अशी कशी बंद पडेल? दादा खिडकीत बसायचा, त्यामुळे त्याला आत जाणारी माणसं रोज कमी होताना दिसत होती. तो मला म्हणाला, "ताई, ही मिल संपली. ओरडा व्हायच्या आत आपण आपलं बघायला पाहिजे." मी धाकटी, तरी लाडाने तो मला ताईच म्हणायचा.

मग त्याने जे सुरू केलं, त्याने वहिनींना वाटलं याला वेड लागलं. दर रविवारी हा देवास गेटला जाऊन बसायचा. बसस्टँडवर चहाच्या टपरीजवळ सकाळपासून दुपारपर्यंत. "काय करता हो तिथे?" विचारलं तर म्हणायचा, "माणसं बघतो." महाराष्ट्रातून महाकालच्या दर्शनाला येणारी माणसं बसमधून उतरायची, ऑटोवाल्यांशी तुटक्या हिंदीत हुज्जत घालायची, एखादं देऊळ बघायची, दुसऱ्याचं दार बंद झालेलं असायचं, आणि दमून परत जायची. दादाने ते महिनोन्‌महिने पाहिलं. कुठलं देऊळ कधी उघडतं, आरती कधी, दुपारी पट, म्हणजे गाभाऱ्याची दारं, कधी बंद होतात, हे पुजाऱ्यांकडे जाऊन विचारलं. हरसिद्धीहून गढकालिका, तिथून कालभैरव, सिद्धवट, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम... सायकलने फिरून, टेम्पोत बसून, सगळे रस्ते पुन्हा पुन्हा केले. मिल चालू होती, हातात नोकरी होती, तेव्हा केलं हे त्याने. नंतर पुष्कळांनी हातपाय मारले, पण बुडायला लागल्यावर.

शेवटी एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं. बाकीचे कितीतरी दिवस डबा घेऊन फाटकापाशी जाऊन बसायचे, भोंगा वाजेल म्हणून. बिचारे! वहिनींचे भाऊ मोहनराव पुण्याहून धावत आले. माणूस मनाने चांगला, पण बोलणं असं की उपकार आधी पोहोचायचे आणि माणूस मागून. म्हणाले, "भावोजी, आमच्या कारखान्यात स्टोअरला चिकटवतो तुम्हाला. दोन खोल्यांची सोय पण करतो. इथे आता काय ठेवलंय?" वहिनींच्या डोळ्यांत आशा दिसत होती. दादाने आधी त्यांच्या हातात चहा दिला. मग म्हणाला, "मोहन, दिवाळीपर्यंत थांब. नाही जमलं, तर येतो." नंतर मला एकटीला म्हणाला, "चार पिढ्या इथे गेल्या आपल्या. या गावात मला टाइमबाबू म्हणून ओळखतात. तिथे जन्मभर मोहनरावांचे मेहुणे म्हणून राहायचं? नाही गं जमायचं मला." तेव्हा ठरलं. दिवाळीपर्यंत पाय रोवता आले तर उज्जैन, नाहीतर बिस्तरा बांधून पुणे.

विणाई खात्यातला लखन बेकार होऊन बसला होता. त्याच्या मेहुण्याची एक मिनीबस दारात उभी असायची. दादाने ती ठरवली, आणि इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून देवास गेटला उभा राहिला, मराठी प्रवाशांना 'उज्जैन दर्शन' घडवायला. आमच्या नातेवाइकांत काय गहजब! सरकारदरबारी नोकऱ्या केलेलं घराणं, आणि हा सवारी, म्हणजे गिऱ्हाईक, बोलावणार? टपरीवर मिलचे जुने कामगार बसलेले होते. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "अरे देखो, टाइमबाबू सवारी ढूँढ रहे हैं!" सगळे हसले. मी शाळेला निघाले होते, माझी तर कानशिलं तापली. दादा सरळ त्यांच्याजवळ गेला, त्या माणसाशी हात मिळवला आणि म्हणाला, "हाँ भैया, ढूँढ रहा हूँ. कोई दिखे तो इधर भेजना." पुढे त्याच माणसाने त्याच्याकडे प्रवासी पाठवले. मी माझ्या वर्गांना इतकी वर्षं स्वाभिमानावर निबंध लिहायला लावले, पण माझ्या डोक्यात स्वाभिमान म्हणजे ती सकाळ.

हे सगळं झालं, आणि तरी पहिला डाव पार फसला. फसणारच होता! अहो, याने मिलचंच शेड्यूल देवळांना लावलं. एवढ्या मिनिटांत दर्शन, एवढ्या मिनिटांत गाडी, आणि वेळ संपली की गळ्यातली पितळी शिट्टी फुर्रर्र! साताऱ्याकडची मंडळी होती, बायका जास्त. सुरुवात झकास झाली. "बिलकुल टेन्शन घेऊ नका, गाडी एकदम टंच आहे," हे दादाचं मराठी ऐकून ते बिचारे त्याच्याशी हिंदीत बोलायला लागले. पण भैरवगढला छाप्याच्या चादरी वाळत घातलेल्या दिसल्या, बायका उतरायला निघाल्या, तर हा म्हणे, "इथे थांबा नाही." कालभैरवाला एकजण प्रदक्षिणा पुरी करत होता, त्याच्या पाठीशी शिट्टी. रामघाटावर एक आजीबाई क्षिप्रेत पाय सोडून बसल्या होत्या. तिथेही शिट्टी. आजीबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आवं मास्तर, आमी देवाच्या दारात आलोय का चौकीवर हजेरी द्यायला?" झालं. सगळी मंडळी खाली उतरली आणि उरलेली देवळं ऑटोने बघायला निघून गेली. पुढच्या गटांनीही तेच केलं. देवास गेटला बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! नवरात्र संपलं, दिवाळी तोंडावर आली, आणि मोहनरावांचं पत्र आलं की खोल्या रिकाम्या झाल्यात. वहिनी मुकाट्याने पितळी डबे पोत्यात भरायला लागल्या.

अशा वेळी बहुतेक पुरुष म्हणतात, पब्लिकच अडाणी. दादा माझ्या घरी आला, बसला आणि म्हणाला, "ताई, कुठे चुकलं? खरं सांग." आता मला खरं सांग म्हटल्यावर मी काय ऐकते! म्हटलं, "दादा, ती माणसं मिलच्या कामाला आलेली नाहीत. घरातून निघायला त्यांना वर्षं लागली असतील, आणि तू त्यांना हाकतोस. तुला माणसं नकोत, हजेरी हवी." वाटलं, आता चिडणार. पण तो म्हणाला, "उद्या शाळेला सुट्टी टाक. तू आणि कुमुद यात्रेकरू. मी अक्षर बोलणार नाही."

तो दिवस मला लख्ख आठवतो. लखनच्या त्या रिकाम्या मिनीबसमध्ये आम्ही दोघीच. दादा मागे, शिट्टी घरी ठेवून. सांदीपनी आश्रमापाशी वहिनी माझ्या कानात कुजबुजल्या, "अहो, इथे बाथरूम कुठे?" दादाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. एवढा सगळा रस्ता मोजून काढला, पण बायकांनी जायचं कुठे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. भैरवगढला वहिनी "फक्त बघते हं" म्हणून उतरल्या. बायकांचं फक्त बघणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रंगाचा वास, लाकडी ठशांचा ठक ठक आवाज... दोघी रमलो. परत आलो तर दादा शांतपणे लखनबरोबर चहा पीत होता. आणि रामघाटावर वहिनी पायरीवर बसल्या, पाण्यात पाय सोडले, आणि अचानक रडायला लागल्या. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती. मिलच्या गोंधळात त्यांना पुण्याला पोहोचताही आलं नव्हतं. घरात रडायला सवड कुठे मिळते? दादाचा हात सवयीने घड्याळाकडे गेला, मी बघत होते. मग त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि वहिनींच्या शेजारी जाऊन बसला. ऊन उतरलं, तोवर आम्ही तिथेच होतो.

त्या आठवड्यात त्याने सगळं नव्याने मांडलं. देवळं कमी केली. सांदीपनीजवळ एका ओळखीच्या घरी बायकांची सोय केली. भैरवगढ यादीत आणलं. आणि रामघाट सगळ्यात शेवटी ठेवला, पुढे काही नाही, म्हणजे ज्याला बसायचं त्याने पोटभर बसावं. म्हणायचा, "आरती थांबत नाही आणि रेल्वे थांबत नाही. बाकी सगळ्यांना थांबायला सांगता येतं." देवास गेटला आता तो ओरडत नसे. बसमधून दमलेली माणसं उतरली की जवळ जाऊन म्हणायचा, "नमस्कार, मराठी का? बसा आधी, चहा घ्या." दिवाळीच्या आदल्या दिवशी जळगावकडचा एक गट परत जाताना सांगून गेला की मागून आमचं अर्धं गाव येतंय, गाडी तुमचीच. त्या संध्याकाळी दादाने माझ्या शेजारच्यांच्या फोनवरून पुण्याला फोन लावला. एवढंच म्हणाला, "मोहन, खोल्या दुसऱ्या कुणाला दे. तुझे आभार मी विसरणार नाही." दादाच्या घरी आलो तर वहिनी पोत्यातले डबे काढून पुन्हा फळीवर मांडत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं. फोनला निघालेल्या दादाच्या चालीवरूनच ओळखलं म्हणाल्या.

पुढे दुसरी गाडी आली, तिसरी आली. चालवायला सगळी मिलचीच माणसं. मीनल शिकली, इंदूरला चांगल्या नोकरीला लागली, आणि एक दिवस आपण होऊन परत आली. म्हणाली, बाबांचं काम मी पुढे नेते. मोहनराव निवृत्त झाल्यावर पुण्याहून मित्रांची फौज घेऊन आले, तर रामघाटावरून उठायलाच तयार नाहीत! जाताना दादाचा हात हातात घेऊन म्हणाले, "भावोजी, तुम्ही आला नाहीत ते बरं झालं." दादा नुसता हसला. मी मात्र त्या दिवशी त्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, मला तुझा फार अभिमान वाटतो." तो लाजला आणि "चल, काहीतरीच" म्हणाला. पण मी बोलले, आणि बरं झालं बोलले. लोक म्हणतात, वसंतरावांचं नशीब फळफळलं. नशीब कसलं? हातात नोकरी असताना दुसरी वाट शोधायला डोकं लागतं, आणि ती वाट चुकली असं कळल्यावर कुणाला तरी 'सांग' म्हणायला छाती लागते. माझ्या भावाकडे दोन्ही होतं.

अस्थी विसर्जनाला आम्ही रामघाटावर गेलो, लखनच्याच गाडीने. लखनही आता म्हातारा झालाय, पण त्या दिवशी मुलाला चालवू दिली नाही. विधी आटोपले. सगळे वर चढून गाडीत बसले आणि मी पायरीवरच राहिले. उठवेना मला. समोर पाणी संथ होतं, आणि दादा त्यातच होता, आमच्या उज्जैनच्या पाण्यात. वरून गुरुजींचा आवाज आला, "चलिए, चलिए, मुझे आगे और यजमान हैं." मी पदर सावरून उठायला लागले, तेवढ्यात गाडीचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. आणि लखनचा आवाज...

"पंडितजी, आप ऑटो से निकल लो. बहनजी जब उठेंगी, गाड़ी तब चलेगी."

मी परत खाली बसले.