घरचं नाव निघालं की

जेवण अंगावर आलेलं आहे. तांबडा रस्सा दोन वाट्या जास्तच झाला, हे मला तिसरी वाटी पुढे करतानाच कळलं होतं. डोक्यावर पंखा फिरतोय, छातीवर कागद आहे, कागदावर एकोणीस नावं आहेत आणि विसावी जागा कोरी आहे. चार वाजता तालमीत बैठक, पाचच्या आत खेळाडूंची यादी फुटबॉल असोसिएशनच्या ऑफिसात पोचली पाहिजे. आणि पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच, म्हणजे मी, उत्तम कवाळे, पंचावन्न वर्षांचा जाणता गृहस्थ, एक नाव लिहायचं सोडून लेंगा-बनियनवर आडवा पडलोय.

त्या जागेसाठी नावं दोनच आहेत. एक संग्राम बोंद्रे. वय चौतीस, दहा वर्षं आमचा दहा नंबर, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. आणखी एक हंगाम तो कसाबसा ओढेल. दुसरा ऋतुराज सरनोबत, वय सतरा. मधल्या फळीत उभा राहून सगळ्या संघाचा खेळ मांडायचा, हे काम या वयात कुणाला देत नाहीत. दिलं आणि पहिल्याच मॅचला भरल्या स्टेडियमसमोर पोरगं गोठलं, तर कोल्हापूर ते त्याच्या लग्नातही काढेल. थांबवलं, तर वर्ष गेलं. कदाचित पोरगंही गेलं, कारण पलीकडच्या पेठेची माणसं त्याच्या घरी चहा पिऊन आली आहेत.

हेही मी निस्तरलं असतं. पण ऋतुराज हा अण्णा सरनोबतांचा नातू. अण्णांनी मला फुटबॉल शिकवला, दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी त्यांना खांदा दिला, आणि तरीही त्यांच्यावर माझा एक जुना राग आहे. पोराला थांबवावं असं वाटतं ते त्याच्या भल्यासाठी, की तो राग नातवावर निघतोय, हे मला कळत नाही. स्वतःचाच भरवसा नसलेल्या माणसानं यादी कशी लिहायची?

पंख्याचा आवाज हळूहळू दोरीवरच्या उड्यांसारखा होतो. पापण्या जड होतात. कुणीतरी खाली तालमीत दोरी मारतंय, एक, दोन, एक, दोन, आणि मी वरच्या खोलीत बसलोय.

समोर अण्णा आहेत. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. ते वारलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तोंडावर तसं सांगणं बरं दिसत नाही.

"जेवलास?" अण्णा विचारतात.

"जेवलो."

"मटण?"

"होय."

"तरीच यादी अडलीया. वाच."

मी वाचतो. अण्णा डोळे मिटून ऐकतात आणि मध्येमध्ये बोलतात. गोलकीपरच्या नावावर "उंच हाय, पण झोपाळू." डाव्या बॅकवर "त्याला लवकर लगीन लावून द्या, डोकं जाग्यावर येईल." एकोणीस नावं संपतात.

"आणि इसावं?"

"तेच विचारायचंय, अण्णा. तुमचा ऋतुराज..."

अण्णा उठतात. टोपी नीट करतात, चपला पायात घालतात आणि दाराबाहेर जातात.

मी कपाळावर हात मारून घेतो. आमच्या तालमीची रीतच आहे ती. निवडीच्या बैठकीत आपल्या घरच्या पोराचं नाव निघालं की उठायचं, बाहेर पिंपळाच्या कट्ट्यावर दाराकडे पाठ करून बसायचं आणि आतून हाक आल्याशिवाय परत यायचं नाही. बरंही बोलायचं नाही, वाईटही नाही. अण्णांच्या स्वतःच्या मुलाचं नाव निघालं तेव्हा ते असेच उठले होते. आत बाकीच्यांनी मुलाला वगळलं. अण्णा परत आले, पुढचं नाव काय म्हणाले, आणि घरी महिनाभर काकूंची बोलणी खाल्ली. आता मेल्यावरही रीत मोडायला तयार नाहीत.

मी त्यांच्या मागे दाराबाहेर पडतो. बाहेर स्टेडियमच्या पायऱ्या आहेत. ऊन आहे, पण डोळ्यांना लागत नाही. मैदानाच्या मधल्या वर्तुळात लाल मिरच्या वाळत घातल्यात आणि बायका पायांनी त्या खालीवर करतायत. पेठेतली सगळी माणसं पायऱ्यांवर बसून गप्पपणे ते बघतायत. एवढी शांत गर्दी मी जन्मात पाहिलेली नाही. अण्णा तिसऱ्या पायरीवर आहेत. मी शेजारी बसतो.

"कुणाची मॅच, अण्णा?"

"मिरच्यांची. संग्रामचं काय म्हणतोस?"

"शेवटच्या वीस मिनिटांत त्याचा पाय मागं राहतो. डोक्यात पास तयार असतो, पाय पोचत नाही."

"दहा वर्सं त्यानं तालीम खांद्यावर घेतली. त्याचा पाय मागं राहताना लोकांनी बघायचं व्हय?"

"नाही. म्हणूनच तर म्हणतोय, ऋतु..."

अण्णा उठलेच. पायऱ्या उतरून मिरच्यांच्या मधून चालत जातात, एकही मिरची हलत नाही. मी धावतो. माझ्या पायाखाली मात्र सगळ्या चुरतात आणि बायका हसतात.

ठसका लागतो तो सलूनच्या खुर्चीवर. ज्या सलूनमध्ये पेठेतल्या सगळ्या मॅच दुसऱ्यांदा खेळल्या जातात, तेच हे. शेजारच्या खुर्चीवर अण्णा, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, गळ्याला टॉवेल. आरशात ते पंचाहत्तरचे नाहीत, चाळिशीतले आहेत. आणि त्यांच्या शेजारी आरशात जे हाडकुळं पोरगं बसलंय, ते सतरा वर्षांचा मी आहे. गालावर काही नाही तरी दाढीला बसलोय.

आरशातल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. मी बोलून टाकतो.

"अण्णा, एक विचारू? अडतीस वर्षं पोटात ठेवलंय."

"इचार की."

"त्या वर्षी बैठकीत माझं नाव निघालं होतं. मी खिडकीबाहेर सायकलच्या कॅरियरवर चढून ऐकत होतो. नाव निघालं आणि तुम्ही उठून गेलात. एक शब्द बोलला नाहीत. उरलेल्या चौघांनी मला एक वर्ष थांबवलं. रोज पहाटे तुम्ही मला पळवायचा, आणि त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला तुम्हाला बसवलं नाही?"

सलूनवाला वस्तरा थांबवतो. अण्णा आरशातच माझ्याकडे बघतात.

"बसलो असतो तरी थांबवलं असतं तुला."

"का?"

"मान खाली असायची तुझी. चेंडू पायात आला की जमिनीत काय पुरलंय ते हुडकत बसल्यागत. आजूबाजूला कोण हाय, कोण सुटलंय, पत्ता न्हाई. तसा घेतला असता तर चार मॅचमधी पाय मोडून घेतला असतास."

हे मात्र खरं आहे. त्या वर्षभर अण्णा पाटीवर खडूनं आकडा लिहून माझ्यासमोर चालायचे. चेंडू पायात ठेवून पळायचं आणि आकडा वाचून मोठ्यानं सांगायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आधी एक आकडा, मग दोन, दिवाळीपर्यंत गुणाकार. माझी मान वर आली ती त्या पाटीमुळे. आणि मान वर आल्यावर मी तेरा वर्षं खेळलो, सहा वर्षं कप्तान होतो, आणि एकाही हंगामात कुणी म्हणालं नाही की कवाळे घाईनं घेतला. हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे, कमावलेली आहे.

तीच पाटी घेऊन मी गेल्या महिन्यात ऋतुराजसमोर चाललो होतो. पहिल्याच फेरीत त्यानं आकडा सांगितला आणि वर म्हणाला, सर, तुमच्या सातचं शेपूट पुसलंय. चेंडू त्याच्या पायातच होता.

"त्याची मान वर आहे, अण्णा," मी म्हणतो. "मी शिकवलेली नाही. ऋतुराजची मान आपोआप वर आहे."

अण्णा अर्धी दाढी तशीच ठेवून उठतात. टॉवेल गळ्यात, फेस गालावर. पण या वेळी जाताना आरशात मला त्यांचा चेहरा दिसतो. दात दिसू नयेत म्हणून माणूस ओठ आवळतो, तसे ओठ आवळलेले आहेत.

सलूनचं दार ढकलतो तर पिंपळ.

जुना पिंपळ, जुना कट्टा. कुस्तीच्या हौद्यातली माती दरवर्षी बदलायचे तेव्हा जुनी माती या कट्ट्यावर पसरायचे. ताक, हळद, लिंबू आणि तेल मुरलेली ती तांबडी माती जशी होती तशी आहे. तालमीच्या भिंतीला सायकल टेकवलेली आहे आणि तिच्या कॅरियरवर चढून एक पोरगं खिडकीला लटकलंय. त्याच्या चड्डीला मागे ठिगळ आहे. ते ठिगळ माझ्या आईनं लावलेलं आहे.

आतून आवाज येतो, "कवाळे, उत्तम. वय सतरा." दार उघडतं. चाळिशीतले अण्णा बाहेर येतात, कट्ट्यावर बसतात, दाराकडे पाठ करून.

त्या दिवशी मला एवढंच दिसलं होतं. पाठ. आज मी कट्ट्याला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभा राहतो.

अण्णांच्या मुठी आवळलेल्या आहेत. एक पाय थरथरतोय. बायको बाळंतपणाला आत गेली की माणूस दवाखान्याबाहेर जसा बसतो, तसे ते बसलेत.

"अण्णा, इथं काय करताय?"

"आत घरचं नाव निघालंय."

"कुणाचं?"

ते माझ्याकडे असं बघतात, जणू एवढं शिकवून हे पोर अजून आकडा वाचू शकत नाही.

"तुझं की."

"मी तुमच्या घरचा कुठं, अण्णा?" मी म्हणतो. "आम्ही भाडेकरू. बाबा एसटीच्या वर्कशॉपात. पेठेतलेसुद्धा नव्हे."

"मी उठलो तवा आत चौघं होती. एकानं तरी इचारलं काय, अण्णा कुठं निघालासा म्हणून? समद्यांना ठावं हुतं. तुला एकट्याला कळंना, त्याला मी काय करू?"

"सांगायचं होतं मला."

"सांगायचं काय त्यात? उठलो की मी."

अडतीस वर्षांचा राग असा एका वाक्यात संपल्यावर तो ठेवायचा कुठे हेही सुचत नाही. अण्णा थोडे सरकतात. मी त्यांच्या शेजारी त्या मातीत बसकण मारतो. खिडकीला लटकलेलं पोरगं कॅरियरवरून उतरतं आणि मान खाली घालून निघून जातं. त्याला हाक मारावीशी वाटते, पण ते आपलं ऐकणार नाही हे मला आधीच माहीत आहे.

आतून पुन्हा आवाज येतो, "सरनोबत, ऋतुराज. वय सतरा."

या वेळी अण्णा उठत नाहीत. उठायचं कशाला? आम्ही दोघंही आधीच बाहेर बसलोय, दाराकडे पाठ करून. माझा पाय थरथरायला लागलाय. अण्णा त्यावर हात ठेवतात. हात कोमट आहे.

"अहो, उठा की. साडेतीन वाजले."

पंखा. छातीवरचा कागद. दारात माझी बायको शोभा, हातात चहा. मी उठून बसतो, पेन शोधतो आणि विसाव्या जागेवर लिहितो, ऋतुराज सरनोबत. संग्रामला मी स्वतः सांगणार आहे, आणि पोराच्या सरावाला त्यालाच ती पाटी धरून उभं राहायला सांगणार आहे. त्याच्याइतका मान वर ठेवून खेळलेला दुसरा कोण आहे आमच्यात?

आणि चार वाजता हे नाव वाचलं गेलं की मी उठून बाहेर जाणार आहे. ठेवायचं की खोडायचं, ते आतले चौघं बघतील. माझ्याकडे ते बघत राहतील, कारण कोच झाल्यापासून मी कधी उठलेलो नाही. बघू देत. संध्याकाळी ऋतुराजला गाठून मी का उठलो ते त्याला नीट, सगळ्या शब्दांत सांगणार आहे. त्याला अडतीस वर्षं लागता कामा नयेत.

मी चहा घेऊन उभा राहतो.

"हे काय?" शोभा मागून म्हणते. "लेंग्याला मागं तांबडं काय फासलंय? आताच तर धुतलेला घातलात."

मी हात मागे नेतो. बोटांना माती लागते. वास घेतो. ताक, हळद, लिंबू. तालमीतला हौदा बुजवून तिथे व्यायामाची मशीनं आली त्याला अकरा वर्षं झाली. कट्ट्यावर तेव्हाच गुळगुळीत फरशी बसवली. ही माती आता अख्ख्या पेठेत कुठेही नाही.

"कुठं जाऊन बसला होता?"

"कट्ट्यावर," मी म्हणतो. "घरचं नाव निघालं होतं."

शोभा याच पेठेतली आहे. ती पुढे काही विचारत नाही. पलंगावरचा कागद उचलते, शेवटचं नाव वाचते, आणि कपाटातून धुतलेली पँट काढून माझ्यापुढे धरते.

"राहू दे," मी म्हणतो. "आज परत तिथंच बसायचंय."